मावशीचा होकार

काकडीच्या मांडवापुढे एवढी दाटी झाली होती की मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं, तरी सगळे टाचा उंचावून बघत होते. बघायला होतं काय? एक कोळी. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, पाय धरून तळहाताएवढा, जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून निवांत लटकलेला. जाळ्याला लागूनच एका स्टुलावर जाळेबाबा बसले होते. अंगावर शाल, हातात गुळगुळीत काठी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगाचा निकाल त्यांना आदल्या दिवशीच कळवण्यात आला आहे.

"विचारा ताई. लाजू नका."

एक बाई पुढे सरकली. "माझ्या लेकाला नोकरी लागेल का, एवढंच विचारायचं होतं."

बाबांनी काठी जमिनीत रोवली, डोळे मिटले आणि घसा खाकरला. "हे महाविणकरिणी! आठ पायांनी आठ दिशा धरणाऱ्ये! विज्ञान ज्याला व्हायब्रेशन म्हणतं आणि आम्ही ज्याला कृपा म्हणतो, ते तुझ्या धाग्यातून वाहू दे. या ताईंच्या लेकाला नोकरी लागेल ना?"

क्षणभर काही झालं नाही. मग कोळी हलला. आधी जरासा, मग चांगला जोरात. सगळं जाळं त्याच्यासकट पुढेमागे झोके घेऊ लागलं.

"हो म्हणाली! हो म्हणाली!" गर्दीत एकच गलका उडाला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा लेक अर्ज करायलाही आळस करतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण आता अर्जाची गरजच काय उरली!

शाळा सुटून घरी आलेली धाकटी सून फाटकाशी उभी राहून हा सोहळा बघत होती. तिला स्वतःच्याच घरात शिरायला "जरा वाट द्या" म्हणावं लागलं, आणि त्यावर एका गृहस्थाने तिला रांगेत उभं राहायला सुनावलं. गावात तिला मास्तरीण म्हणत, घरात सूनबाई. पण त्या मांडवापुढे तिला विचारतं कोण!

गंमत अशी की हे कोळी या घराला काही नवे नव्हते. लग्न होऊन आली तेव्हा सूनबाई पहिल्याच सकाळी मांडवात किंचाळली होती. वेलांच्या दोन रांगांमध्ये जागोजागी ही एवढाली जाळी, आणि प्रत्येकात एकेक पट्टेवाली बया. सासरे, म्हणजे अण्णा, हातातली टोपली खाली ठेवून धावत आले आणि मग पोट धरून हसले.

"अगं, ह्या आपल्या मावश्या आहेत. टोळ खातात, माश्या खातात. माणूस खाल्लेला अजून ऐकला नाही. इकडे ये. हिच्यावर हळूच फुंकर घाल."

तिने भीतभीत फुंकर घातली. मावशी जाळ्यासकट गदागदा हलू लागली.

"भ्यायली. मी मोठी आहे, माझ्या वाटेला जाऊ नका, असं सांगतेय तुला," अण्णा म्हणाले. "आता तूही भितेस, तीही भिते. झाली की नाही बरोबरी?"

त्या घरात काकडी तोडण्याची एक रीत होती. रांगेच्या वाटेवर जाळं आडवं आलं तर ते तोडायचं नाही. जाळ्याचा खालचा ताणाचा धागा काडीवर अलगद उचलायचा आणि पलीकडच्या डांबाला, म्हणजे मांडवाच्या खांबाला, चिकटवायचा. जाळं दारासारखं बाजूला होतं, माणूस जातो, मावशीचा संसार शाबूत राहतो. याला घरात 'दार उघडणं' म्हणत. धागा हातात आला की मावशी हलायचीच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. सूनबाईही महिन्याभरात शिकली. पुढे तीच शाळेतल्या मुलांना शेतावर आणून दार उघडून दाखवू लागली.

आणि बाबा हे कसब शिकले कुठे? तर याच मांडवात, अण्णांकडूनच. एके दिवशी रस्त्याने जाताना पाणी मागायला ते कुंपणाशी थांबले होते. अण्णांना दार उघडताना त्यांनी नीट निरखून पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले, पाणी प्यायले आणि गेले. परत आले ते शाल पांघरूनच. थोरल्या दिरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि अण्णांच्या पायाशी बसवलं, कारण तोपर्यंत अण्णांचा पाय बिघडला होता.

अण्णांना साखरेचा जुना आजार होता. पाय बधिर झालेले. मांडवाची तार ताणताना तिचं टोक बुटातून करंगळीत घुसलं, ते त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने भिजलेला होता. मग जखम चिघळली, बोट काळं पडलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून पाहिली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आज बोट काढलं तर पाय वाचेल. थांबलात तर गुडघ्याखालून जाईल. त्याहून थांबलात तर मग पायाचं बोलणंच नको."

अण्णांनी पाय मागे घेतला. त्यांचा मोठा भाऊ असाच एका साध्या ऑपरेशनसाठी स्वतःच्या पायांनी चालत आत गेला होता, आणि बाहेर आला तो झाकलेला. तेव्हापासून इस्पितळाचं नाव काढलं की अण्णांचे ओठ घट्ट मिटत. घाबरलोय असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते एवढंच म्हणाले, "बघू."

या 'बघू'मध्ये बाबा नेमके येऊन बसले. त्यांचा उपचार म्हणजे जाळ्याची पट्टी. रोज सकाळी एक जाळं काठीवर गुंडाळायचं आणि जखमेवर दाबून बसवायचं. ज्यांच्या नावाने जयजयकार चालला होता त्या मावश्यांचीच घरं अशी एकेक करून मोडली गेली. मावश्या पानाआड गेल्या, टोळ मोकाट सुटले, आणि वेलांची पानं चाळणीसारखी झाली. जखमेला वास येऊ लागला, तर बाबा म्हणाले, "घाण बाहेर पडतेय."

सूनबाईने नवऱ्याला गाठलं. "अहो, तुम्ही बोला ना अण्णांशी."

"तू शिकलेली आहेस, तूच समजाव."

"वडील तुमचे आहेत."

"म्हणूनच माझं ऐकत नाहीत."

दिरांकडे जावं तर ते म्हणाले, "डॉक्टरने काय हमी दिली आहे का? बाबांनी दिली आहे." डॉक्टरीणबाई खरं बोलल्या म्हणून त्यांनी हमी दिली नव्हती, आणि बाबांना हमी द्यायला काहीच मोल पडत नव्हतं. पण हे वाक्य तिला सुचलं ते दीर निघून गेल्यावर.

मग एके दिवशी खुद्द अण्णांनी विचारायचं ठरवलं. गर्दी पांगली होती, घरचीच माणसं होती. अण्णांची खुर्ची मांडवाला खेटून ठेवली होती, दुखरा पाय पुढ्यातल्या काकड्यांच्या उपड्या प्लास्टिक कॅरेटवर, वर पंचा टाकलेला. डॉक्टरीणबाईंनी पाय उंच ठेवायला सांगितला होता, तेवढं एक ते कसोशीने पाळत. बाबांचा त्या दिवशी उत्तर मिळवून द्यायचा विचार दिसत नव्हता. यजमानांना चार दिवस ताटकळत ठेवलं की चार दिवसांचा पाहुणचार वाढतो. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, हात जोडले आणि म्हणाले, "आज आई मौनात आहे असं वाटतं. तरी विचारा."

अण्णांचा आवाज एरवी शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. आता तो जेमतेम ऐकू आला.

"कापल्याशिवाय बरा होईल ना पाय?"

आणि मावशी हलली. जाळ्याला कुणी हात लावला नव्हता, वारा नव्हता, काठी भिंतीशी होती. तरी जाळं थरथरलं आणि मावशी झोके घेऊ लागली.

सूनबाईचं लक्ष त्या क्षणी बाबांकडे होतं. बाबा दचकले होते. त्यांचे जोडलेले हात सुटले, तोंड उघडं पडलं. मग त्यांनी ते सावरलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पाहिलंत?" अण्णांनी खुर्चीत डोकं मागे टेकवलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. तो चेहरा बघून सूनबाईला एकाच वेळी रडू आलं आणि रागही आला.

त्यानंतर तिने बाबांवर नजर ठेवली. एका दुपारी मजेदार प्रकार घडला. रस्त्याने पाण्याचा टँकर खडखडत गेला, शेडचे पत्रे वाजले, आणि कुणी काही विचारलेलं नसताना मावशी जोरजोरात हलू लागली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाबांनी क्षणही दवडला नाही. "कुणीतरी मनातल्या मनात विचारलं!" झालं, जमलेल्या प्रत्येकाला वाटलं की आपणच विचारलं. घरी जाताना जो तो खुशीत होता. एकाच झोक्यात एवढ्या जणांची कामं करणारी देवता दुसरी कुठे मिळाली असती!

मास्तरणीच्या डोक्यात मात्र टँकर राहिला. दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात ती बाबांच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिरपं ऊन जाळ्यावर पडलं होतं, धागान् धागा चमकत होता. आणि जाळ्याचा खालचा ताणाचा धागा डांबाकडे न जाता सरळ बाबांच्या काठीच्या मुठीकडे गेलेला तिला दिसला. बाबांनी दार उघडलं होतं, एवढंच. मूठ अंगठ्याने किंचित फिरवली की धागा ताणायचा आणि मावशी भिऊन हलायची. 'नाही' हवं असेल तेव्हा अंगठा स्वस्थ. घरातली सगळी माणसं रोज सकाळी हेच करत होती, आणि त्यांतल्या एकालाही ते ओळखू आलं नव्हतं. तिलाही नाही.

ती गर्दीतून पुढे आली. "बाबा, मला एक विचारायचं आहे."

"विचारा, बाई. ज्ञानी लोकांचं आई जरा जास्तच ऐकते."

मास्तरणीने केसात खोचलेली पेन्सिल काढली, वाकली, आणि पेन्सिलीचं टोक धाग्याला टेकवलं. "हे महाविणकरिणी, दोन आणि दोन पाच होतात ना?"

मावशी गदागदा हलली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरीण वळली. "आईने हो म्हटलं. आता उद्यापासून शाळेत हेच शिकवू का? हा धागा बघा, कुठे गेलाय तो बघा. बाबा, ही काठी जरा माझ्याकडे द्या, आणि मग विचारा."

बाबा काठी सोडेनात. तिने हात लावला तसा धागा सुटला. बाबांनी विचारलं, परत विचारलं, आवाज चढवून विचारलं. मावशी ढिम्म. सूर्य उगवतो ना, असंही कुणीतरी विचारून पाहिलं. त्यालाही उत्तर नाही.

गोष्टीत असतं तर इथे गर्दीने बाबांना पळता भुई थोडी केली असती. इथे तसं काही झालं नाही. बाबा खिन्नपणे म्हणाले, "शंका घेतली की धागा तुटतो." आणि लोकांनी माना डोलावल्या. जी बाई लेकाच्या नोकरीसाठी आली होती ती तर मास्तरणीवर उखडलीच. "काठी लागली तर काय बिघडलं? विजेला तार लागत नाही का?"

"अहो, पण तो अंगठ्याने..."

"तुमचं लग्न झालं, नोकरी झाली. आमचं काय व्हायचं राहिलंय ते तुम्हाला काय कळणार?"

दीर पुढे झाले आणि म्हणाले, "सूनबाई, घरात जा." तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "पुरे आता."

लोक गेल्यावर ती त्यांच्या खुर्चीशी बसली. "अण्णा, तुम्हीच शिकवलंत ना मला? फुंकर घातली की हलते, धागा ओढला की हलते. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"कळतंय की. काठीचं सोंग आज नाही, केव्हाच कळलं मला."

"मग?"

"मी विचारलं तेव्हा काठी भिंतीशी होती. मी काठीवरच नजर ठेवून होतो, सूनबाई. त्या माणसाने बोटही हलवलं नाही. तरी ती हलली." अण्णा हळू आवाजात म्हणाले, "तो लबाड असेल. पण ती का खोटं बोलेल?"

त्या दिवशी मावशी का हलली हे सूनबाईला सांगता येत नव्हतं. माहीत नाही, असं म्हणण्यावाचून तिच्याकडे काही नव्हतं, आणि भ्यालेल्या माणसासमोर 'माहीत नाही' फार लंगडं पडतं. तिने हात जोडले, रागावली, रडली. डॉक्टरीणबाई स्वतः घरी येऊन बोलून गेल्या. अण्णांनी त्यांना चहा दिला, त्यांचे आभार मानले आणि जागचे हलले नाहीत.

बाबा त्याच आठवड्यात निघून गेले. हरले म्हणून नव्हे, पलीकडच्या गावातून जास्त आग्रहाचं बोलावणं आलं म्हणून. जाताना अण्णांना सांगून गेले, "आईचा शब्द आहे. धीर धरा."

अण्णांनी धीर धरला. काळेपणा बोटावरून पावलावर आला, पावलावरून घोट्यावर. एका सकाळी ते तापाने बरळू लागले, तेव्हा दोन्ही मुलांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनाही नाही म्हणायची शुद्ध नव्हती. जीव वाचला. पाय गुडघ्याच्या वरून गेला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सूनबाईजवळ बसल्या. एका करंगळीचं काम होतं.

घरी आल्यावर अण्णा परत त्याच जागी बसू लागले. मांडवात नवे वेल चढले होते, आणि कुणी जाळी गुंडाळून नेत नव्हतं म्हणून मावश्याही परतल्या होत्या. सूनबाई काकड्या तोडत असताना त्यांनी एकदा हाक मारली.

"खुर्ची इथेच होती ना गं तेव्हा?"

"हो."

"आणि कॅरेट?"

तिने कॅरेट आणून उपडं ठेवलं, जिथे तेव्हा होतं अगदी तिथे. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता तू बस इथे. पाय ठेव त्यावर."

ती बसली. पाय लांब करून ठेवला, आणि तिच्या टाचेला काहीतरी गार लागलं. मांडवाची खालची तार. ताणून बांधलेली, आणि तिच्यावर मावशीच्या जाळ्याचा धागा.

"लागली का तार टाचेला?" अण्णांनी विचारलं.

"लागली."

"मला नव्हती लागली. लागली असेल, पण मला कळणार कशी? पाय बधिर. मी विचारलं तेव्हा पाय थरथरत होता. मांडीपर्यंत जाणवत होतं मला. लाज वाटली होती म्हणून वर पंचा टाकला होता. आता जरा हलव पाय."

तिला हलवायचा नव्हता. पण तिचा पाय आपोआपच कापू लागला होता. तार थरथरली, धागा थरथरला, आणि जाळ्यात मावशी झोके घेऊ लागली. हो, हो, हो.

अण्णा म्हणाले, "ती खोटं बोलली नाही बघ. ती काही बोललीच नाही. माझीच भीती तारेतून गेली आणि तिच्याकडून परत आली. आणि मी म्हटलं, शब्द मिळाला."

सूनबाईला हे त्या दिवशी सुचायला हवं होतं. खाली वाकून एकदा तार बघितली असती तर! अण्णांच्या ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "तू सांगितलं असतंस तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. मला हो हवं होतं."

बाबा गेले तरी लोक येतच राहतात. बाबांशिवायही आई बोलते अशी कीर्ती झाली आहे, आणि ती पसरायला अण्णांचाच किस्सा पुरला. पाय गेला हा भाग सांगणारे गाळतात. अण्णा कुणाला हाकलत नाहीत. आलेल्याला खुर्चीत बसवतात, हात तारेवर ठेवायला लावतात आणि म्हणतात, "आता विचारा." मावशी हलते. मग म्हणतात, "हात काढा आणि तेच विचारा." मावशी हलत नाही. "हे तुमच्याच हाताचं उत्तर आहे. तिला तुमचं दुखणं कळत नाही, तिला माशी कळते. ज्याला दुखणं कळतं त्याच्याकडे जा. तो 'माहीत नाही' म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका, तपासून घ्या. गोड बोलणाऱ्याला मात्र दोनदा तपासा." काहीजण उठून दवाखान्याची वाट धरतात. बरेचजण दुसरं शेत शोधतात.

परवा एक बाई तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन आली. अण्णांनी सगळं दाखवलं, तिने सगळं पाहिलं. सूनबाईने तिच्यासाठी रिक्षा बोलावली. तरी ती बाई उठेना. जाळ्याकडे बघत म्हणाली, "पण अण्णा, अगदी मनापासून विचारलं तर?"

अण्णांनी मांडीवरचा पंचा बाजूला केला.

"मी मनापासूनच विचारलं होतं, बाई. उठा, रिक्षा थांबलीय."